हायेस का वर?

आमच्या घरमालकांना उलट्या हाताने वस्तू तपासायची सवय होती. तापलेल्या लेकराच्या कपाळाला आई लावते तसा ते हाताचा मागचा भाग टीव्हीच्या पाठीला, मोबाइलच्या चार्जरला, इस्त्रीच्या वायरीला लावत आणि क्षणभर डोळे मिटत. वस्तू गार लागली तर पुढे जात. कोमट लागली की म्हणत, "जागं हाय हे," आणि भिंतीवरचं बटण खट्कन बंद करत.

नाशिकला द्वारका चौकाच्या मागे एका गल्लीत त्यांचं घर होतं. तळमजल्यावर रफिकभाईंचं गाड्यांच्या बॅटऱ्यांचं दुकान, पहिल्या मजल्यावर काका-काकू, आणि त्यांच्या डोक्यावर गच्चीला लागून एक खोली. त्या खोलीत मी माझी कॉलेजची वर्षं काढली. मी त्यांना काका म्हणायचे. गल्लीतली माणसं त्यांना पाठीमागे 'मेन स्विच' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं आणि त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. उलट एकदा रफिकभाईंच्या कामगाराने "आले मेन स्विच" असं जरा मोठ्याने म्हटलं, तेव्हा काका थांबून म्हणाले होते, "मग? घरात सगळ्यात कामाचा तोच असतो."

मी नांदगावची. वडील तिथल्या मार्केट यार्डात मापाडी, म्हणजे आलेला माल काट्यावर घालून मोजून देणारे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. खोली बघायला वडील माझ्याबरोबर आले होते. येताना त्यांनी मनात कितीतरी उत्तरं तयार करून आणली होती. मुलगी किती वाजता येईल, कोण कोण भेटायला येईल, स्वयंपाक कसला करील. काकांनी यातलं काहीच विचारलं नाही. म्हणाले, "एकच अट हाय. रिकामं काही चालू ठेवायचं नाय. मी खालून हाक मारीन, हायेस का वर? हाय म्हणली की माझं समाधान. उत्तर नाय आलं, तर जिन्यातून वरची लाइन बंद करीन. मग तक्रार करायची नाय."

माझ्या खोलीचा मुख्य स्विच जिन्याच्या वळणावर होता. अट ऐकून मी गोंधळले. वडील मात्र खूश झाले. परतीच्या बसला बसताना म्हणाले, "दिवसातून दहा वेळा तुझी चौकशी होईल. अजून काय पाहिजे?"

त्या दिवसापासून जिन्यातून हाक येऊ लागली. "हायेस का वर?"

मी ओरडून सांगायचे, "आहे, काका!" गावाहून येताना मी 'हाय' आणि 'नाय' मागे ठेवून आले होते. वर्गात कोणी हसू नये म्हणून आरशासमोर 'आहे' आणि 'नाही' म्हणायचा सराव केला होता. पण काकांची हाक अशी यायची की विचार करायला वेळच मिळायचा नाही. महिन्याभरात माझ्या तोंडून सरळ "हाय!" जाऊ लागलं. जिन्यापुरतं तरी मी नांदगावात राहायला लागले.

काकांचं सगळं आयुष्य घोटीला भाताच्या गिरणीत गेलं होतं. इगतपुरीकडचा सगळा भात त्या बाजारात येतो. तिथे एका व्यापाऱ्याच्या गिरणीवर ते चालक होते. भात भरडायच्या यंत्रात रबराचे दोन रोल असतात, त्यांच्यामधून दाणा गेला की साल निघते. वरून भात पडत नसताना यंत्र चालू राहिलं तर दाणा मिळत नाही म्हणून ते रोल एकमेकांनाच घासतात आणि झिजून जातात. "भातावर झिजले तर तांदूळ मिळतो," काका सांगायचे, "रिकामे झिजले तर नुसता रबराचा वास." तो वास त्यांच्या नाकात इतका बसला होता की कुठलीही वस्तू विनाकारण चालू दिसली की त्यांच्या नाकपुड्या फुलत. कानही तसेच. गिरणीचा आवाज बदलला की भात संपला, हे ते झोपेतही ओळखत म्हणे. घरातल्या प्रत्येक यंत्राचा आवाज ते त्याच कानाने ऐकायचे.

हा कान दर वेळी बरोबरच असायचा असं नाही. एकदा रफिकभाई तणतणत जिना चढून आले.

"काका, मेरा बोर्ड किसने बंद किया?"

"मी. दिवसा कशाला लावतो? वर सूर्य हाय."

"अरे, पण गिऱ्हाईक को कैसे मालूम पडेगा दुकान खुला है?"

"शटर उघडं हाय की. आंधळा असला तर त्याला बोर्ड तरी काय दिसणार?"

रफिकभाईंनी कपाळाला हात लावला आणि काकूंकडे बघून म्हणाले, "चाची, ह्यांना कधी तरी बंद करा." काकू म्हणाल्या, "ह्यांचं बटण सापडलं असतं तर मी कशाला थांबले असते?"

दुसऱ्या खेपेला काका-काकू एका लग्नाला घोटीला गेले आणि निघताना काकांनी फ्रिजला उलटा हात लावला. परत आले तेव्हा फ्रिजमधून दुधाचा वास जिन्यापर्यंत आला होता. तेव्हा काकू जे बोलल्या ते मी वर गच्चीत उभी राहून ऐकलं आणि शेवटी हसू आवरेना म्हणून पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसले. काकू बोलायला लागल्या की ऐकत राहावंसं वाटायचं. त्यांचं आणि काकांचं मुख्य भांडण रेडिओवरून असायचं. स्वयंपाकघरातल्या फळीवर त्यांचा रेडिओ दिवसभर लागलेला. काका येता-जाता तो बंद करायचे, काकू परत लावायच्या.

"तू गॅलरीत होतीस. मग रेडिओ कोण ऐकत होतं?"

"मी ऐकत होते."

"गॅलरीतून?"

"कान काय स्वयंपाकघरात काढून ठेवू? जाते तिथं माझ्याबरोबर येतात ते."

काका तासाभराने पुन्हा रेडिओ बंद करायचे.

माझा कॉम्प्युटर दुसऱ्या वर्षाला आला. नांदगावच्या एका पतसंस्थेने जुने कॉम्प्युटर काढले तेव्हा वडिलांनी त्यातला एक मागून घेतला आणि कांद्याच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी, गोधडीत गुंडाळून नाशिकला पाठवला. टेम्पोवाल्याने तो खोलीत ठेवला, मी वायरी जोडल्या, बटण दाबलं आणि आतला पंखा घरघरला. खालून लगेच हाक आली, "काय गं हे? जातं आणलं का?"

त्या पंख्याने काकांची शांतता घालवली. मी बोटं चालवत असले तरी पंखा तेवढाच ओरडायचा आणि मी पुस्तक वाचत असले तरी तेवढाच. काकांच्या कानाला भात कधी पडतोय आणि कधी नाही हे कळेना. हाका वाढल्या. मग एका दुपारी मी गच्चीवर नळाला बादली लावून उभी होते, पाण्याच्या आवाजात हाक ऐकूच आली नाही, आणि काकांनी जिन्यातला स्विच खाली ओढला. दुसऱ्या दिवशी द्यायचं प्रॅक्टिकल, सकाळपासून लिहिलेलं, जतन केलेलं नव्हतं. सगळं गेलं.

मी जिन्यात बसून रडले. काका दोन पायऱ्या खाली बसले. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही.

"हाक मारली होती मी."

"मी पाणी भरत होते."

"मग ते मशिन कुणासाठी चालू होतं?"

मी पुन्हा रडायला लागले. काका म्हणाले, "रड, पण रिकामं रडू नको. रडत रडत पुन्हा लिहायला घे." मग उठता उठता, जरा नरम आवाजात, "एवढं शिकलेलं यंत्र हाय म्हणतेस. समोरचं माणूस उठून गेलं, हे त्याला स्वतःला कळत नाय का गं? कळलं असतं तर मला कशाला यायला लागलं असतं?"

तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. कॉम्प्युटरला झोपवायची सोय त्यात असतेच. पण माझ्या त्या जुन्या डब्यात ती धड चालत नव्हती. एखादं गाणं सुरू राहिलं, एखादं पान उघडं राहिलं, की तो जागाच. आत चालणारा कुठलाही प्रोग्राम "मला झोपवू नका" अशी विनंती करू शकतो, आणि कॉम्प्युटर ती मुकाट्याने ऐकतो. मी सरांना विचारून, वाचून, चुकत-माकत एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. कीबोर्ड आणि माउस काही वेळ हलला नाही तर आधी पडदा काळा करायचा, मग आतलं काम हळू करायचं, आणि तरीही कोणी आलं नाही तर उघडं असलेलं सगळं जिथल्या तिथे ठेवून मशिनला झोपवायचं. परत आलं की जिथे सोडलं तिथूनच सुरू.

काका रोज संध्याकाळी प्रगती विचारायचे. त्यांना त्यातलं लिहिणं कळत नव्हतं, पण नियम सगळे त्यांनीच घालून दिले. मी म्हटलं, "काका, गाणं चालू असेल तर झोपवू नको असं ठेवते. कोणी ऐकत असेल." काकांनी मान हलवली. "चालू दिसतंय म्हणजे काम चाललंय असं नाय. गिरणी पण गिरगिर फिरायची, वर भात नसायचा. गाण्याचं ऐकू नको. माणसाचा हात बघ. हात नाय तर माणूस नाय."

मला ते पटलं. मी कोणाचीही विनंती मानायची नाही असं प्रोग्रामला सांगून टाकलं. पहिल्यांदा तो नीट चालला त्या दिवशी काका वर आले, डब्याला उलटा हात लावला, डोळे मिटून उभे राहिले. पंखा थांबलेला. पत्रा गार. मग हळूच, मूल उठू नये अशा आवाजात म्हणाले, "झोपलं गं."

त्या दिवसापासून त्यांनी जिन्यातल्या स्विचला हात लावला नाही. हाक मात्र सुरू ठेवली. मी म्हटलं, "आता कशाला विचारता? मशिनला कळतं की." म्हणाले, "मशिनला कळतं. मला नको का कळायला?"

त्या हिवाळ्यात काकूंना पॅरालिसिसचा झटका आला.

दवाखान्यातून त्या घरी आल्या त्या उजवा हात मांडीवर ठेवून आणि गप्प. त्यांना समजत सगळं होतं, डोळ्यांत उत्तरही तयार दिसायचं, पण तोंडाशी येताना शब्द कुठेतरी अडायचा. आधी एक मॅडम घरी येऊन बोलण्याचे व्यायाम घ्यायच्या. काकूंना त्या आवडल्या होत्या. काही महिन्यांत त्या मॅडम पुण्याला राहायला गेल्या आणि म्हणाल्या, "आपण व्हिडिओ कॉलवर करू. पण मोबाइल नको, माझे ओठ त्यांना मोठे दिसले पाहिजेत." म्हणून माझा कॉम्प्युटर खाली काका-काकूंच्या पुढच्या खोलीत आला. दुपारी मॅडमचा तास, बाकीचा वेळ मी तिथेच बसून माझं काम करायचे. कॅमेरा-माइकची डबी रफिकभाईंनी आणून दिली आणि वर बसवलीसुद्धा. "चाची, इधर देखो, फोटो काढतोय," म्हणत.

त्या काळात मी एक गोष्ट पाहिली. रोज सकाळी काका स्वयंपाकघरात जाऊन स्वतः रेडिओ लावायचे. काकू पुढच्या खोलीत पलंगावर. स्वयंपाकघरात कोणी नाही. रेडिओ बोलत राहायचा आणि काका त्याच्यासमोरून जायचे, यायचे, पण त्याला हात लावायचे नाहीत. फक्त मॅडमच्या तासाला तो बंद करायचे आणि तास संपला की परत लावायचे.

मग ती दुपार. मॅडम पडद्यावर 'पाणी' म्हणत होत्या. ओठ मिटून, सावकाश, "पा... पा..." काकू खुर्चीत पुढे झुकलेल्या, दोन्ही हात मांडीवर. एरवी मी शेजारी बसून माउसने आवाज कमी-जास्त करायचे, त्या दिवशी मी दाराशी, काका खिडकीशी. काकूंचे ओठ मिटले. इतके दिवस ते नुसतेच थरथरायचे, त्या दिवशी मिटले. मॅडम म्हणाल्या, "हां, हां, आता सोडा—"

आणि पडदा काळा झाला. पंखा मंदावला आणि थांबला.

माझा प्रोग्राम. कॉल चालू असल्याची विनंती त्याने मानली नव्हती, कारण आम्ही त्याला कोणाचीच मानायची नाही असं शिकवलं होतं. आणि काकूंचे हात तर हललेच नव्हते. हात नाही तर माणूस नाही.

मी धावत जाऊन माउस हलवला. मॅडम परत दिसायला लागल्या, "नेट गेलं होतं का?" विचारू लागल्या. पण काकूंनी तोंड फिरवलं होतं. डाव्या हाताने त्यांनी पलंगाकडे खूण केली. काकांनी त्यांना उठवून नेलं.

प्रोग्राममधली ती चूक मी त्याच संध्याकाळी काढली. कॉल चालू असेल तर झोपायचं नाही, एवढंच लिहायचं होतं. पण दुसऱ्या दिवशी काकू खुर्चीत बसायला तयार होईनात. तिसऱ्या दिवशीही नाही. मी मशिन दाखवून सांगितलं, "काकू, आता नाही बंद होणार. बघा." त्यांनी माझ्या गालाला हात लावला, राग नव्हता, पण मान नकारार्थी हलवली. मॅडमनी मला फोनवर सांगितलं, "हे दिवस महत्त्वाचे आहेत. आता सोडलं तर त्या मनाने सोडतील. पुन्हा बसवणं अवघड होईल."

शेजारी उभ्या काकांनी हे ऐकलं. दोन दिवस ते कुठल्याच वस्तूला हात लावायला गेले नाहीत. जिन्यातला दिवा दुपारपर्यंत जळत राहिला आणि रफिकभाईंनी तो येऊन बंद केला. तेव्हा रफिकभाई मला म्हणाले, "काका ठीक नाहीत. मैंने बोर्ड दिवसभर चालू रखा, तरी काही बोलले नाहीत."

त्यानंतरच्या दिवशी मी काम करत बसले होते, तेव्हा काका माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"चूक मशिनची नाय," ते म्हणाले. "आपण तुझ्या काकूला न विचारता बंद केलं. मी कधी न विचारता बंद केलं का?"

"काका, माझं प्रॅक्टिकल—"

"हाक मारली होती. तू ऐकली नाय ही गोष्ट वेगळी." मग खुर्ची ओढून बसले. "गिरणीत पट्टा चढवायच्या आधी मी ओरडायचो. वरच्या पेटीपाशी, भात ओततात तिथं, कोण असलं आणि पट्टा सुरू झाला तर पदर ओढला जायचा, हात जायचा. म्हणून आधी विचारायचं, हायेस का? वरून आवाज आला, हाय, की मग थांबायचं. ते माणूस बाजूला झालं की सुरू. कुणाचं बोट गेलं नाय माझ्या गिरणीत." ते पलंगाकडे बघत होते. "ही तिथं तांदूळ पाखडायला यायची. लग्नाच्या आधीची गोष्ट. सगळ्या बायका 'हाय' म्हणायच्या, पण हिचं 'हाय' बाकीच्या पट्ट्यांच्या आवाजातून पण ऐकू यायचं. मी मुद्दाम दोनदा विचारायचो."

पलंगावर काकू डोळे मिटून पडल्या होत्या. झोपल्या नव्हत्या, कारण त्यांच्या ओठांचा कोपरा हलला.

"तुझ्या मशिनला विचारायला शिकव," काका म्हणाले.

मी काकांचा आवाज मोबाइलवर घेतला. पहिल्यांदा ते मोबाइलकडे बघून अगदी शाळेतल्या भाषणासारखे म्हणाले, "आपण आहात का?" मी म्हटलं, "काका, जिन्यात जाऊन म्हणा." ते जिन्यात गेले, वळणावर उभे राहिले, आणि नेहमीसारखं ओरडले, "हायेस का?" खालून रफिकभाई ओरडले, "मैं तो हूँ, काका!" ते सगळं काढून मी फक्त दोन शब्द ठेवले.

प्रोग्राम असा झाला: कॉल चालू असला तरी, हात हलला नाही की मशिन झोपायच्या आधी काकांच्या आवाजात विचारणार. विचारताना मॅडमचा आवाज थोडा वेळ बंद, नाहीतर तोच माइकमध्ये जाईल. मग उत्तराची वाट बघणार. सुरुवातीला मी त्याला 'हाय' हा शब्द ओळखायला शिकवत होते. मग माझ्या लक्षात आलं की काकूंच्या तोंडून काय निघेल ते कोणालाच माहीत नाही, आणि जे निघेल त्याला यंत्राने चूक म्हणायचं नाही. मी शब्द काढून टाकला. माणसाचा कुठलाही आवाज आला की जागं राहायचं.

पुढे हाच प्रोग्राम मी शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून दिला. बाहेरून आलेले परीक्षक बराच वेळ माझ्याशी बोलत उभे राहिले, म्हणून माउस हलला नाही आणि त्या शांत वर्गात कॉम्प्युटर एकदम ओरडला, "हायेस का?" सगळे हसले. परीक्षक दचकले आणि नकळत म्हणून गेले, "हो, आहे!" मशिन जागं राहिलं. त्यांनी मला आणखी काही विचारलं नाही. आज मी जिथे नोकरी करते तिथे माझं काम हेच, लोकांच्या घरातली यंत्रं कमीत कमी वीज खातील असे प्रोग्राम लिहिणं. नव्या मुलांना मी सांगते, बंद करणं सोपं आहे, आधी विचारायला शिकवा. हे कोणाचं म्हणणं ते मी त्यांना सांगतेच.

पण प्रोग्राम तयार झाला त्या दिवशी माझ्यासमोर काकू होत्या. मी मशिन सुरू केलं आणि काही न सांगता बाजूला उभी राहिले. थोड्या वेळाने स्पीकरमधून काकांचा आवाज आला, जिन्यातला, थोडा घुमणारा. "हायेस का?"

काकूंनी डोळे उघडले. आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग कॉम्प्युटरकडे. आणि त्यांचं अंग हलायला लागलं. मला क्षणभर भीती वाटली. मग कळलं, त्या हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीत बसल्या.

काकांनी रेडिओ बंद केला. मॅडम पडद्यावर आल्या, 'पाणी' सुरू झालं. आम्ही सगळे पाण्याची नाही, हाकेची वाट बघत होतो. काकूसुद्धा. त्यांनी हात मांडीवर इतके घट्ट धरले होते की चुकूनही काही हलू नये. मॅडमचा आवाज थांबला आणि स्पीकर बोलला, "हायेस का?"

"हाय!" स्वयंपाकघरातून काका ओरडले.

मशिन समाधानाने जागं राहिलं. काकूंनी डाव्या हाताने कपाळ बडवलं. मॅडम पोट धरून हसल्या. काका हातून दूध सांडल्यासारखा चेहरा करून दारात आले. "सवय हाय गं," ते म्हणाले. "कुणी विचारलं की तोंडातून निघतं."

"चलो काका," बघायला येऊन दाराशी उभे असलेले रफिकभाई म्हणाले, "तुम मेरे दुकान में." आणि त्यांना दंडाला धरून खाली घेऊन गेले.

पुन्हा सुरुवात. "पा... पा..." गल्लीतून एक रिक्षा गेली. खाली कोणीतरी बॅटरी आपटली. मॅडमचा आवाज थांबला.

"हायेस का?"

काकूंचा गळा हलला. ओठ उघडले, काही आलं नाही. मी मनात म्हणत होते, काहीही चालेल काकू, नुसता श्वास, नुसता घसा. पडद्याचा उजेड कमी होऊ लागला. काकूंनी तो कमी होताना पाहिला. आणि त्यांच्या कपाळावर ती जुनी आठी पडली, कोणी रेडिओ बंद केला की पडायची ती.

"हा... य."

पडदा उजळला. मॅडम दोन्ही हात तोंडावर ठेवून बसल्या होत्या. मी खिडकीकडे गेले. खाली दुकानाच्या पायरीवर काका मान वर करून उभे होते, त्यांच्या मागे रफिकभाई. काहीतरी सांगायला मी तोंड उघडलं, पण काकांनी हाताने मला थांबवलं. त्यांना ऐकू आलं होतं. द्वारका चौकाच्या सगळ्या हॉर्नमधून त्यांना ते ऐकू आलं होतं.

तास संपल्यावर ते वर आले. काकूंसमोर थांबले नाहीत, त्यांच्याकडे नीट बघितलंही नाही. सरळ स्वयंपाकघरात गेले आणि रोजच्यासारखा रेडिओ लावला. कुठलंसं शेतीविषयक भाषण चालू होतं. काका फळीसमोर तसेच उभे राहिले. मग त्यांनी उलटा हात रेडिओच्या पाठीला लावला, डोळे मिटले, आणि काकू आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच, मॅडमचा तास नसताना, कोणी ऐकत नसलेला तो रेडिओ त्यांनी खट्कन बंद केला.

पुढच्या खोलीतून, खुर्चीतून, आवाज आला. आधीपेक्षा मोठा, आणि चांगलाच चिडलेला.

"हाय!"

"बरं बाई," काका म्हणाले आणि त्यांनी रेडिओ परत लावला.